गुळवेलीची चोरी

"अहो मॅडम, वेल माझ्या झाडावरची आहे!"

दक्षा दचकली. हातातली कात्री खाली पडली. डहाणूजवळच्या मसोलीतल्या चिकूवाडीच्या कुंपणाशी उभी राहून ती कडुनिंबावर चढलेली गुळवेल कापत होती... आणि समोर वाडीचा मालक रूपेश, ओठांत हसू दाबून.

"विचारणारच होते... कुणी दिसलं नाही."

"आता दिसलो ना? विचारा."

तलासरीची दक्षा मुंबईत पीएच.डी. करत होती. मधुमेहात नसा मरतात, पाय बधिर होतात. गुळवेलीतलं एखादं द्रव्य त्या नसांना वाचवेल का, हे ती शोधत होती. तिने ते सांगताच रूपेशचं हसू मावळलं. त्याच्या बाबांना, म्हणजे जिव्याकाकांना, मधुमेहामुळे पायातली चप्पल निसटलेलीही कळत नसे.

"मग बाबांना रस देऊ?"

"नको! अजून फक्त लॅबमध्ये, बशीत वाढवलेल्या नसांच्या पेशींवर करून बघतेय. डॉक्टरांची औषधंच चालू ठेवा..."

बोलता बोलता तिची नजर घराच्या ओट्यावर गेली. तिथे काकांच्या पावलांचे लाल ठसे उमटले होते! टाचेत काच रुतली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. दोघांनी त्यांना रिक्षात घालून दवाखाना गाठला. पाय वाचला.

मग दर सुट्टीला दक्षा वेल न्यायला येऊ लागली. रूपेश तिला बाइकवरून तलासरीला सोडायचा.

"इतकी वेल लागते तुम्हाला?"

"वेल... थोडीच लागते," ती म्हणायची आणि दुसरीकडे बघायची.

लॅबमध्ये मात्र गुळवेलीचा अर्क देऊनही साखरेच्या माऱ्याखाली पेशी मरतच होत्या. विषय बदल, असं तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. त्या दिवशी फोनवर ती रडली.

"अजून एकदा करा," रूपेश म्हणाला. "तुम्हाला हरलेलं मला बघवत नाही."

तिने अर्काची मात्रा अगदी कमी केली. आणि... पेशी जगल्या! त्यांना बारीक तंतू फुटले होते. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दर वेळी तेच! सरांनी टाळी दिली आणि दक्षाने थेट डहाणूची गाडी धरली.

रूपेश शिडीवर चढून चिकू उतरवत होता.

"जगल्या! जगल्या रे रूपेश!"

तो धडपडतच खाली आला. "काय म्हणालीस?"

"जगल्या."

"त्याच्यानंतर... आजवर 'अहो' म्हणायचीस ना!"

"रूपेश," ती हळूच म्हणाली.

"औषध व्हायला किती वर्षं लागतील?"

"खूप... होईलच असंही नाही. थांबशील?"

"थांबायचं कशाला? लग्न करून वाट बघू की!"

ओट्यावरून जिव्याकाका ओरडले, "पोरांनो, माझे पायच बधिर आहेत, कान नाहीत!"

दक्षा लाजली नाही. तिने सगळी वाडी दुमदुमेल इतक्या मोठ्याने सांगितलं, "मग ऐका काका... मी हो म्हणतेय!"