कोळंबीची मिशी

अंधारात कोणीतरी माझ्या दप्तराचा पट्टा धरला.

मी किंचाळणार, तोच मागून आवाज आला, "ओरडू नकोस ना... मला अंधारात दिसत नाही. दारापर्यंत सोडतेस?"

मत्स्यालयात माझी मावशी माशांना खाऊ घालते, म्हणून शाळा सुटली की मी तिथेच. तो पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या काकांचा मुलगा. माझ्याच इयत्तेतला, शाळा दुसरी. उजेडात आल्यावर पाहिलं... आणि बाई गं! एवढ्या लांब पापण्या, आणि अंधारात डोळ्यांचा उपयोग शून्य!

मग ते रोजचंच झालं. टाक्यांच्या मधून दाराकडे जाणाऱ्या त्या अंधाऱ्या बोळातल्या शेवटच्या टाकीत एक कोळंबी होती, जवळजवळ आंधळी. ती वाळूत बीळ खणायची आणि एक बोटभर मासा दारात पहारा द्यायचा. तिची मिशी सतत त्याच्या अंगावर. धोका दिसला की तो शेपटी हलवणार, की दोघं बिळात गडप!

"म्हणजे मी मासोळी, तू कोळंबी," मी म्हटलं.

"कोळंबी तर कोळंबी. बीळ कोण खणतं, ते बघ की!"

आमचीही खूण ठरली. पट्ट्याला एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे हो, चल.

सगळं कसं छान चाललं होतं, आणि माशी शिंकली ती नेमकी मावशीच्या रूपानं. "अगं, कोळंबीला मासा थोडाच आवडतो? तिला डोळे हवे असतात."

झोपच उडाली माझी. त्याला मी हवी होते, की माझे डोळे?

दुसऱ्या दिवशी बोळात शिरले. मागून पट्टा ताणला गेला. दोन्हीकडे निळं पाणी, काचेपलीकडे कधीच न मिटणारे डोळे. तो गप्प. बरंच झालं. न वळताच मी बोलून टाकलं, "मला तू आवडतोस... तुला दिसत असतं, तरी आला असतास माझ्याबरोबर?"

दोन झटके.

मी हवेत! आणि तेवढ्यात लांबून, पार दारातून, त्याची हाक आली — "ए मासोळी! कुठे आहेस? मी कधीचा उभा आहे इथे!"

मग... पट्टा कोणी धरलाय?

पट्टा गार पडला होता. ओला. मान वळवायची हिंमत होईना. कसाबसा आवाज फुटला, "ये ना रे!"

आणि तो आला. एकटा. धडपडत, काचा चाचपत, एकदा तर दणकन आपटून — "आई गं!" — तरी थांबला नाही. तो जवळ आला, तसा पट्टा हळूच सैल पडला.

"काय झालं?" कपाळ चोळत त्यानं विचारलं.

"तुला तर दिसत नाही. आलास कसा?"

"तू घाबरलीस... मग दिसण्याचं काय घेऊन बसलीस?" मग हळूच, "बोळात आवाज घुमतो. मघाचं ऐकलं मी. सगळं. कोणाशी बोलत होतीस?"

"तुझ्याशीच रे!"

"मग उत्तर तर ऐक—"

"आधी पळ!"

त्याचा हात धरून जी काही धूम ठोकली! उत्तर त्यानं बाहेर, भर उन्हात दिलं, माझ्याकडे डोळे भरून बघत.

"आता लख्ख दिसतंय मला," तो म्हणाला. "तरी हात सोडणार नाहीये... चालेल?"