बाबांच्या गाडीचं टायमिंग

धडाम!

इंजिनातल्या ठिणगीची वेळ जुळवताना मी डिस्ट्रिब्युटर दोन-चार अंश जास्तच फिरवला असावा. बाबांच्या जुन्या गाडीनं असा बार काढला की हातातला पाना उडाला. सावरतेय तोच कुंपणावरून एका उंच माणसानं उडी मारली आणि इंजिनावर बादलीभर पाणी ओतलं. अर्धं माझ्यावर.

मी चेहरा पुसला. "अहो! आग कुठंय?"

"न... नाहीये?" तो माझ्याहून जास्त हादरलेला. "मी शेजारी नवीन राहायला आलोय. जनावरांचा डॉक्टर आहे."

"मग गाडीला कशाला आंघोळ घातलीत?"

तो लाजला. मग निमूटपणे रुमाल काढून डिस्ट्रिब्युटरचं झाकण पुसू लागला. ती बोटं फार हळुवार होती... मी उगीचच प्लगकडे बघत राहिले.

"तुम्ही मेकॅनिक?"

"शाळेत भूमिती शिकवते."

"आणि अंशांमध्ये चुकलात?" तो गालात हसला.

"बसा आत. मी सांगेन तेव्हा ॲक्सिलरेटर दाबा!"

घराच्या खिडकीशी बाबा बसले होते. पक्षाघातानंतर त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. या गाडीला त्यांनी कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. तिचा आवाज ऐकून चेहऱ्यावर काहीतरी हलेल, एवढीच माझी आशा.

इंजिन सुरू झालं. ठिणगीची वेळ दाखवणाऱ्या टायमिंग लाइटच्या लखलखाटात पुलीवरची पांढरी खूण जागेवर आली. पण त्यानं रेस वाढवली की आतून टकटक... टकटक.

"मा... गे."

मी वर पाहिलं. तोही गाडीच्या दारातून डोकं काढून खिडकीकडे बघत होता.

"मागे... घे," बाबा म्हणाले.

मी डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवला. टकटक थांबली. इंजिन एका लयीत गुणगुणू लागलं, आणि बाबांनी डोळे मिटून मान डोलावली.

मी खिडकीकडे धावले, त्यांचा हात गालाशी धरला आणि "बाबा, तुम्ही बोललात!" म्हणत ढसाढसा रडले. परत आले तेव्हा तो बॉनेटपाशी उभा होता. त्याचेही डोळे भरलेले.

"बाबा बोलले, आता मीही बोलूनच टाकतो," तो म्हणाला. "मला तुम्ही... फार आवडलात."

"काय? अहो, आपण आत्ता तर भेटलो!"

"हो ना! मलाच धक्का बसलाय."

छातीत असं काही धडधडलं की इंजिनाचा आवाजही ऐकू येईना. मी पाना त्याच्यापुढे केला.

"आधी हा नट आवळून टाक."

"टाक?" त्याचा चेहरा उजळला. "टाक म्हणालात?"

मी जीभ चावली. खिडकीतून बाबा बघत होते.

"म्हणालात नाही..." मी हळूच म्हटलं, "म्हणालीस."