सिक्स्टेनचं रक्त

रविवारी हेडविग बोटीने बेटावर आईकडे कॉफीला आली, तेव्हा टेबलावर तीन कप मांडलेले होते.

"तिसरा कुणाला?"

"सिक्स्टेनला. मागे लाकडं फोडतोय. येईल इतक्यात."

"कोण सिक्स्टेन?"

आईने वेलचीचा पाव तिच्यापुढे सरकवला. "सख्खा भाऊ कोण म्हणून विचारतेस? कमाल झाली तुझी!"

हेडविग एकुलती एक होती. तिला आधी भीती वाटली नाही, चीड आली. मेंदूत गाळ साठू लागला की एक प्रथिन रक्तात झिरपतं आणि माणूस विसरायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी ते पकडता येतं. गोथेनबर्गच्या प्रयोगशाळेत तिने उमेदीची सगळी वर्षं त्याच कामात घालवली होती. आणि दुखणं नेमकं तिच्याच घरात शिरावं?

ती दूध आणायला स्वयंपाकघरात गेली. परतली तर तिसरा कप रिकामा होता.

"येऊन गेला," आई म्हणाली. "तुमची चुकामूक व्हायचीच. लहानपणापासून तेच."

"आई, पुरे आता! कॉफी तूच प्यायलीस."

"मी बिनसाखरेची पिते," आई शांतपणे म्हणाली. कपाच्या तळाशी साखर होती.

हेडविगने तिथेच आईचं रक्त काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी तपासलं, तर निर्दोष. पुन्हा तपासलं, दुसऱ्या यंत्रावर. तरी निर्दोष.

"आईचं रक्त तुझ्या-माझ्यापेक्षा तरुण आहे," सहकारी पारिसा हसली. "पेढे वाटायचे सोडून तोंड का पाडतेस?"

"मग हा सिक्स्टेन आला कुठून?"

हे हेडविग मनातच म्हणाली; पारिसाला तिने काही सांगितलं नव्हतं.

पुढच्या खेपेला धक्क्यावर शेजारचे रुने भेटले. फाटलेलं जाळं सांधत बसले होते. "भावाला सांग, माझी करवत आणून दे म्हणावं."

"तुम्हीसुद्धा? आईने पढवलंय का तुम्हाला?"

रुनेंनी मान वर केली. मयताच्या घरी कुणी हसलं तर त्याच्याकडे बघावं, तसे ते तिच्याकडे बघत राहिले. मग जाळं गोळा करून निघून गेले.

घरी खुंटीवर पुरुषाचा कोट होता. ओला. त्याला ताज्या भुर्जाच्या लाकडाचा वास येत होता. परसात लाकडांची चळत उभी होती, एवढी की आईच्याने उचलवलीही नसती.

"माझ्यात खोट सापडली नाही ना?" आई म्हणाली. "मग आता स्वतःचं तपास."

रागारागाने तिने तेही केलं. निर्दोष. दोष निघाला असता तर बरं झालं असतं, असं वाटून तिची तिलाच शिसारी आली.

गुरुवारी दुपारी पारिसा रक्ताची नळी घेऊन तिच्या टेबलाशी आली.

"तुझा भाऊ येऊन गेला. इतकी वर्षं बोलली नाहीस! डोळे तर हुबेहूब तुझे."

हेडविग खुर्चीतून उठली. "काय म्हणाला?"

"रक्त तपासा म्हणाला. सगळे सांगतात, तुला बहीण आहे, पण काही केल्या आठवत नाही म्हणे. मला वाटलं, थट्टा करतोय."

"कुठे आहे तो?"

"चार वाजायच्या बोटीने जाणार होता."

पारिसाने नळी तिच्या हातात दिली. ती अजून कोमट होती.

हेडविगने स्वतः बसून तपासलं. एकटीने, कुणाला हात लावू न देता.

निर्दोष.

बाहेर ट्राम गेली. काचा थरथरल्या.

रात्री तिने बेटावर आईच्या घरी फोन लावला.

पुरुषाने उचलला. दमलेला, वैतागलेला आवाज. तिचाच सूर, फक्त जाड.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"हेडविग," ती कशीबशी म्हणाली. "आईला दे."

त्याने सुस्कारा सोडला. "आई, त्या बाईंचा पुन्हा फोन."

लांबून आईचा आवाज आला. स्वच्छ, मायाळू.

"रागावू नकोस रे तिच्यावर. बिचारीला कुणी नाही."

मग फोन अगदी अलगद ठेवला गेला, आजाऱ्याच्या खोलीचं दार ओढून घ्यावं तसा.