मेण लावलेला दोरा

“मॅडम, आरोपी आमच्या हातात आहे. तुम्ही फक्त कारण लिहून द्या,” फौजदार फोनवर म्हणाले.

विद्युत निरीक्षक बाईंनी पिशवीत मीटर टाकला. “कारण सापडू द्या. आरोपी मग ठरवू.”

तळमजल्यावरच्या भाडेकरू शिक्षिकेने सकाळी न्हाणीघरात नळाला हात लावला आणि ती तिथेच कोसळली. उठलीच नाही. गीझर तिच्या धाकट्या भावाने बसवलेला. भावाकडे परवाना नव्हता, तरी सगळी गल्ली त्याला ‘इंजिनियर’ म्हणायची. तो इंजिनियर आता पायरीवर, हवालदाराशेजारी, गुडघ्यांत मान घालून बसला होता.

“गीझरला अर्थिंगची तार जोडलीस?” बाईंनी विचारलं.

“जोडली, मॅडम. आईशप्पथ.”

“ती तार पुढे जमिनीपर्यंत पोचते का, ते मोजलंस?”

तो पुटपुटला, “माझ्याकडे साधा टेस्टर आहे. त्यात ते कळत नाही. घरमालक काका म्हणाले, घराचं प्रमाणपत्र आहे, सगळं तपासलेलं आहे.”

“मेन बोर्ड उघडून पाहिलास?”

“पाहणार होतो. काका अंगावर आले. म्हणाले, परवानावाल्याने बघितलंय, तू कशाला नाक खुपसतोस?” त्याने मान वर केली. “ताई परवान्याच्या परीक्षेचा फॉर्म आणायची. तीनदा आणला. मी म्हणायचो, हे दोन हात हाच माझा परवाना. खरं सांगा मॅडम, मीच मारलं ना तिला?”

बाई वळल्या. जिना चढून वर गेल्या.

काकांनी चाळीस वर्षं पुस्तकबांधणी केली होती. आताही मांडीवर प्रार्थनेचं जुनं पुस्तक होतं. मेण लावलेला दोरा ते दाताने ताणत होते.

“या बाई. चहा टाकू?”

“नको. कागद दाखवा.”

काकांनी फाइल काढली. तिला तोच दोरा बांधलेला. चपटी दुहेरी गाठ, टोकं तिरपी कापलेली.

“हे बघा. दोन महिन्यांपूर्वीचं सुरक्षा प्रमाणपत्र. मेन बोर्ड उघडून तपासला, अर्थिंग ठीक, ब्रेकर ठीक. खाली परवानाधारक वायरमनची सही. घरमालकाने आणखी काय करायचं? मला विजेतलं ओ की ठो कळत नाही.”

“तपासणीच्या वेळी तुम्ही होता?”

“होतो तर! अर्धा तास बोर्ड उघडा होता.”

“घर छान ठेवलंय. रंग कधी दिला?”

“दोन वर्षं झाली. त्यानंतर ब्रश लावलेला नाही.”

“भाडेकरू कशी होती?”

“गुणी पोर. आधीचे लोक सारखे हाका मारायचे, ‘काका, लाइट गेली!’ बोर्ड खाली, मी वर. जिना चढूनउतरून गुडघ्यांची वाट लागली हो. हिने एकदासुद्धा त्रास दिला नाही.”

तासाभरात बाईंनी सगळ्यांना जिन्याखाली बोलावलं. वायरमनही घाम पुसत आला. मेन बोर्डचं झाकण भिंतीच्याच रंगाने रंगवलेलं होतं.

“फौजदारसाहेब, हे चार स्क्रू बघा.”

“रंगाने बुजलेत.”

“नीट बघा. कुठे तडा?”

“नाही.”

बाईंनी स्क्रू फिरवला. रंगाची पापडी कटकन फुटली.

“दोन वर्षांपूर्वीच्या रंगाला आज पहिल्यांदा तडा गेला. मग दोन महिन्यांपूर्वी हा बोर्ड उघडला कोणी?” त्या वायरमनकडे वळल्या. “तुम्ही?”

“काकांचा फोन आला होता...” वायरमनने पुन्हा घाम पुसला. “म्हणाले, सगळं ठीक आहे, कशाला येतोस. जुनी ओळख. सही करून पाठवली.”

झाकण निघालं. गळती होताच वीज तोडणारं ब्रेकर आत होतं. पण वीज त्यातून जात नव्हती. एक तार त्याला वळसा घालून गेली होती. ती जागेवर राहावी म्हणून बांधली होती. चिकटपट्टीने नव्हे, मेण लावलेल्या दोऱ्याने. चपटी दुहेरी गाठ, टोकं तिरपी कापलेली.

काकांनी हात मागे घेतले.

“गीझरमधली पाणी तापवणारी कांडी आज फुटली,” बाई म्हणाल्या. “वस्तू आहे, फुटते. अर्थिंग चालू असतं, तर वीज जमिनीत गेली असती. पण ती तार पुढे भिंतीतच संपते, मी मोजलं. तरी हे ब्रेकर पडलं असतं, तर ती वाचली असती. काका, ओ की ठो न कळणाऱ्याने रंग देण्याआधीच ब्रेकर बरोब्बर बाजूला ठेवलं. ते उगाच पडत नव्हतं हो. भिंतीत गळती होती, म्हणून ते तुम्हाला हाका मारत होतं.”

“मला वाटलं, बिघडलंय ते,” काका पुटपुटले. “किती वेळा उतरायचं, बाई? गुडघे...”

फौजदारांनी त्यांच्या आणि वायरमनच्या खांद्यावर हात ठेवला.

भाऊ उठून उभा राहिला. “म्हणजे मी नाही ना मॅडम?”

बाईंना खोटं सांगता आलं असतं. देवानेही त्यांना माफ केलं असतं.

“बोर्डचा गुन्हा त्यांचा. पण परवानाधारक माणसाने अर्थिंग मोजल्याशिवाय गीझर जोडला नसता. तू दुसऱ्याच्या कागदावर विसंबलास.”

तो भिंतीला टेकला.

हवालदार आतून शिक्षिकेचं सामान घेऊन आला. टेबलाच्या खणातला एक कागद त्याने भावाला दिला. परवान्याच्या परीक्षेचा फॉर्म होता. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं ताईच्या वळणदार अक्षरात भरलेलं. फोटोसुद्धा चिकटवलेला.

खाली सहीची जागा तेवढी कोरी होती. तिथे तिने पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवली होती, त्याला जागा शोधावी लागू नये म्हणून.