फडक्याखालचं मशीन

तो चष्म्याच्या दुकानात शिरला तेव्हा त्याचा चष्मा नाकावर नव्हता, मुठीत होता. एक काडी लोंबत होती, बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि डोळे बारीक करून तो चक्क काउंटरवरच्या आरशाशीच बोलायला लागला.

"अहो, याचा स्क्रू पडलाय. शेजारी चपलांच्या दुकानात कार्डाचं मशीन बसवायला आलोय, पण मशीनची बटणंच दिसत नाहीयेत."

"इकडे," ती म्हणाली. "मी इकडे आहे."

तो वळला आणि लाजला. बिनचष्म्याची माणसं लाजली की गोड दिसतात, हे तिला धंद्यामुळे ठाऊक होतं. पण इतकी? ती मान खाली घालून स्क्रूची डबी शोधू लागली, आणि समोरच असलेली डबी तिला काही केल्या सापडेना.

काडी बसली. त्याने पाकीट उघडून कार्ड पुढे केलं.

"आमच्याकडे कार्ड चालत नाही," ती म्हणाली.

"आणि माझ्याकडे रोख नाही..."

"मशीनवाला तो मशीनवाला, वर खिसा रिकामा!" स्टुलावरून तिची आत्या म्हणाली. वडिलांच्या मागे दुकान दोघी मिळून चालवत होत्या. काचा आणि फ्रेम भाचीकडे, गल्ला आत्याकडे.

"स्क्रूचे पैसे आम्ही घेतच नाही," तिने ठोकून दिलं. आत्याने डोळे वटारले.

"मग मीही फुकट काहीतरी देतो. मशीन कुठल्या कंपनीचं घ्यावं ते सांगतो. आणि आमचंच घ्या, असं मुळीच म्हणणार नाही."

असं म्हणून तो गेला, आणि पुढच्याच आठवड्यात खरंच तीन कंपन्यांचे दर घेऊन हजर झाला.

"ही पहिली दर विक्रीमागे टक्का कमी घेते, पण महिन्याचं भाडं लावते. विक्री होवो न होवो, भाडं चुकत नाही. दुसरीला भाडं नाही. डेबिट कार्डाला कमी टक्का, क्रेडिटला थोडा जास्त. तिसरी आमची."

"तुमची कशी आहे?"

"महाग. सगळ्या कार्डांना सरसकट जास्त टक्का, आणि करार मधेच मोडला तर दंड."

"मग घेतं कोण?"

"बारीक अक्षर न वाचणारे."

"मी चष्मेवाली आहे," ती हसून म्हणाली. "बारीक अक्षरावरच माझं पोट आहे."

तोही हसला. त्या हसण्याने तिची दुपार वाया गेली.

मग तिला प्रश्नच प्रश्न पडू लागले. परदेशी कार्डाला किती टक्के? गिऱ्हाइकाने चष्मा परत केला तर कापलेला टक्का परत मिळतो का? पैसे खात्यात दुसऱ्या दिवशी येतात की तिसऱ्या? परदेशी माणूस दुकानात कधी फिरकलाही नव्हता. तो मात्र प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला स्वतः यायचा, ओली छत्री दाराशी ठेवायचा आणि आत्याच्या हातचा चहा लवकर संपवायचाच नाही. एकदा त्याला नवी काच करायची होती. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजायला तिने पट्टी उचलली.

"सरळ बघा."

"कुठे?"

"माझ्याकडे..."

त्याने बघितलं. तिचा आकडा चुकला. "पुन्हा मोजावं लागेल," ती पुटपुटली, आणि तो म्हणाला, "मला घाई नाही."

पण एके दिवशी त्याने कागद आवरले. "दुसरी कंपनी घ्या. तुमच्याकडे महागड्या चष्म्यांना लोक क्रेडिट कार्डच काढणार, तिथे आमचा टक्का तुम्हाला झेपणार नाही. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही."

"काहीच?"

"काहीच," तो म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेला.

दुसरी कंपनी म्हणजे दुसरा माणूस! तिने तिन्ही करार काढून अक्षर न् अक्षर वाचलं. त्याच्या कंपनीच्या करारात अगदी तळाशी एक ओळ होती : मशीन बरेच दिवस वापराविना पडून राहिल्यास आमचा प्रतिनिधी स्वतः येऊन पाहणी करेल.

तिने त्याच करारावर सही केली.

"शुद्धीवर आहेस ना?" आत्या कडाडली. "सगळ्यात महाग तेच?"

"त्यांची सेवा चांगली आहे, आत्या."

"सेवा! मला शिकव!"

मशीन बसवायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. "मी दुसरी सांगितली होती," एवढंच तो बोलला. आपल्या नंबरची चिठ्ठी त्याने मशीनच्या पाठीवर चिकटवली आणि अडचण आली तर फोन करा म्हणाला. तिची अडचण फोनवर सांगण्यासारखी नव्हती.

मशीन गेलं ड्रॉवरमध्ये, काचा पुसायच्या पिवळ्या फडक्याखाली. कोणी कार्ड काढलं की ती रोख मागायची. काही गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून निघून जायची आणि आत्या दिवसभर धुसफुसायची. तिला त्याचं काही नव्हतं. दाराची घंटा वाजली की काळीज वर यायचं, आणि आत दुसरंच कोणीतरी शिरलं की पुन्हा जागेवर बसायचं. किती छत्र्या आल्या नि गेल्या, तिला हवी ती येत नव्हती. मग एकदाचा तो यायचा, मशीन हातात घेऊन उलटंसुलटं बघायचा, तिच्याकडे बघायचा आणि परत ठेवून द्यायचा. त्या दहा मिनिटांवर ती पुढचे कितीतरी दिवस काढायची.

एक दिवस घंटा वाजली आणि आत आले एक टक्कल पडलेले गृहस्थ, हातात त्याच कंपनीची पिशवी.

"ते... आधीचे नाही आले?"

"त्याची बदली झाली, लांबच्या शाखेत. वापराविना पडलेलं मशीन दिसलं की आमच्या नावावर ठपका लागतो. त्यात तुमचं मशीन तर कायमचंच यादीत!"

ज्याची वाट बघत बसलो त्याच्याच पोटावर आपण पाय दिला, या विचाराने तिला रडू फुटलं. संध्याकाळपर्यंत तिने एका चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली होती.

"मशीनच्या पाठीवर त्याचा नंबर आहे," आत्या म्हणाली. "मला दिसतो, तुला दिसत नाही? चष्मेवाली ना तू?"

तिने फोन लावला.

"अडचण आहे का मशीनची?" तोच आवाज.

"मशीनची नाही. ते चालू होतं... मीच मुद्दाम वापरलं नाही. तुम्ही यावं म्हणून. तुमची बदली होईल असं वाटलं नव्हतं हो."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "दरवेळी मशीन पूर्ण चार्ज केलेलं असायचं. न वापरायचं मशीन रोज कोण चार्ज करतं?"

"चार्ज संपून बंद निघालं असतं तर तुम्हालाच बोल लागला असता."

"माझं कार्ड एकदा त्यात घातलं असतं ना, तर यादीतून नाव गेलं असतं. ठपका टळला असता. आम्ही सगळे तसंच करतो."

"मग... का नाही केलंत?"

"मग पुढच्या वेळी मला तुमच्याकडे कोणी पाठवलं असतं?"

तिने डोळे पुसले. तिच्या स्वतःच्या चष्म्यावर फोडणी उडावी तसे थेंब उडाले होते, तेही पुसले.

"आम्ही ते मशीन परत करतोय," ती म्हणाली. "दंड भरून. तुम्ही सांगितलेली दुसरी कंपनी घेतोय."

"चांगलं केलंत." त्याचा आवाज पडला. "म्हणजे आता... मला यायला काही कारणच नाही."

"नाही," ती म्हणाली. मग एक श्वास घेऊन, पहिल्यांदाच : "बिनकारणाचा ये. मला तू हवा आहेस, म्हणून ये."

मागून आत्या ओरडली, "दंड मी गल्ल्यातून देते, पण पोराला म्हणावं लवकर ये!"

त्याच्या सुट्टीच्या दिवशी घंटा वाजली. तो दारात उभा होता, लांबच्या प्रवासाने चुरगळलेला, चष्मा नाकावर नीट.

"काय झालंय चष्म्याला?" तिने सवयीने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "अगदी धड आहे."

तरीही तिने तो हलकेच त्याच्या नाकावरून काढला. तो तसाच उभा राहिला, काही दिसत नसताना, अचूक तिच्याकडे बघत.