उसना हात

क्रिकेटच्या देशातून कुवेतला आलो आणि पोरगी बेसबॉल खेळायला लागली. नाशिकला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "म्हणजे विटीदांडूच ना गं?" मी हो म्हणून टाकलं. बेसबॉलमधला पिचर म्हणजे आपला बोलरच, फक्त तो धावत येत नाही, मातीच्या उंचवट्यावर उभा राहून चेंडू फेकतो. आमची जुईली पिचर. वय तेरा.

दर शुक्रवारी सकाळी सालमियाहून मीना अब्दुल्लाकडे निघायचं. तिथं रिफायनरीच्या वसाहतीमागे कुंपण घातलेलं मैदान आहे. वारा सुटला की दाताखाली रेती करकरते, आणि चिमणीवरची ज्योत भर उन्हातही दिसते. तिचा बाबा, राजन, त्याच रिफायनरीत, आणि शुक्रवारी हमखास ड्यूटी. त्यामुळे खुर्ची टाकून बसायचं काम माझं. खरं सांगायचं तर पहिलं वर्ष मी भाजी निवडण्यात घालवलं.

मग या जानेवारीत तिचं फेकणं बदललं. आधी खांद्यावरून फेकायची, आता एक छोटी उडी घेऊन कमरेजवळून, आडव्या हातानं. चेंडू बॅटपाशी येऊन असा वळायचा की समोरचं पोर हवेत बॅट फिरवून स्वतःच गिरकी घ्यायचं. मी निवडत असलेली मेथी तशीच हातात राहिली.

कोच जाफर कुवेती, अमेरिकेत शिकून आलेला, एरवी सारखा हसणारा. त्या दिवशी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सिस्टर, हे मी शिकवलेलं नाही. असं आता कुणी फेकत नाही. फार जुन्या फोटोंत पाहिलंय मी."

परतताना गाडीत टर्पेंटाइनचा उग्र वास सुटला होता. जुईलीच्या बाहीला.

"काय लावलंस?"

"मी नाही. सायलस लावायचा. घोड्यांचं औषध. त्याचा हात दुखायचा ना."

"कोण सायलस?"

"ही वॉज अ पिचर, आई. अगदी सुरुवातीचा. खेळायचे पैसे मिळतात हेच लोकांना नवीन होतं तेव्हा." ती शांतपणे बाहेर बघत होती. "आधी काचेच्या फॅक्टरीत होता. मग टीमनं घेतलं. टीमला पिचर एकच, सो रोज तोच. ग्लोव्ह नाही, बदली नाही. लोक लांबून ट्रेननं बघायला यायचे. ट्वेंटी-सिक्सचा झाला आणि हात वर जाईना. मग कुणी नाही आलं."

"कुठं वाचलंस हे?"

तिला माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. "वाचलं नाही. आय रिमेंबर."

मी एक्स-रे टेक्निशियन. हवल्लीच्या एका क्लिनिकमध्ये दिवसभर हाडं बघते. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हाडांवर आहे. म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन गेले आणि कोपराचा फोटो काढला.

कोपराच्या हाडांना काटे फुटले होते. सांध्यात सुटे तुकडे होते. सगळं झिजलेलं. आणि त्यातच वाढीच्या रेषा, वाढत्या वयाच्या मुलीला असाव्यात तशा स्पष्ट. मशीनची चूक धरून मी पुन्हा काढला. तेच.

आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "हा हमाली करतो का? साठीचा असेल." मग त्यांनी कोपऱ्यातलं नाव वाचलं. खुर्ची माझ्याकडे वळवली.

"फेकणं आजपासून बंद," ते म्हणाले. "नाहीतर हा हात कायमचा जाईल, रसिका."

मी जुईलीला बजावलं. ती रडली नाही, भांडलीही नाही. "मी त्याला सांगितलं, आई. ऐकत नाही," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी उठले तर तिचा पलंग रिकामा, बूट गायब. टीमची व्हॅन येऊन गेली होती. राजन नेमका त्या दिवशी गाडी घेऊन ड्यूटीवर. मी घरच्या कपड्यांवरच टॅक्सीत बसले. मैदानात शिरले तेव्हा मॅच अर्ध्यावर आली होती आणि कुणीही ओरडत नव्हतं.

आयाबाया, पोरं, पलीकडच्या टीमचे बाप, सगळे उभे होते. पोर यायचं, बॅट फिरवायचं, परत जायचं. एकाच्याही बॅटला चेंडू लागला नव्हता. वारा पडला होता. उडी, हात, आणि मग पलीकडे पकडणाऱ्याच्या ग्लोव्हमध्ये फाटकन आवाज. मधला चेंडू मला दिसतच नव्हता. इतकं सुंदर काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. देवळात कधी रडले नाही मी. तिथं रडले.

पण तो माझ्या लेकीचा हात होता. मी रेषेपर्यंत धावले.

"जुईली, बास! खाली ये!"

ती वळली. चेहरा तिचाच. टोपी काढून तिनं छातीशी धरली आणि फार अदबीनं, थकलेल्या आवाजात म्हणाली, "जस्ट वन मोर, मॅडम."

जाफर माझ्याकडे बघत होता. सगळेच बघत होते.

मला ते सुटे तुकडे आठवले.

मी मान डोलावली.

दुपारी घरी वरणभात केला. जुईली उजवा हात मांडीवर ठेवून बसली आणि डाव्या हातानं भात कालवायला लागली.

"दुखतंय?"

"थोडं. आई, परत फोटो काढायचा का?"

"बघू," मी म्हटलं. "पुढच्या शुक्रवारची मॅच होऊन जाऊ दे."

आणि तिचं पाण्याचं भांडं उचलून डाव्या बाजूला ठेवलं.