चेसिसवरची टकटक

भुतं फक्त रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचायलाच हवं. हे भर दुपारी घडलंय. रविवारी, माझ्या स्वतःच्या गॅरेजमध्ये, सगळे दिवे चालू असताना. कुणाच्या मावसभावाच्या मित्राकडून ऐकलेलं नाही. मी तिथे होते.

मी मेकॅनिक आहे. बाई मेकॅनिक म्हटलं की गिऱ्हाईक आधी माझ्यामागे कुणी पुरुष उभा आहे का ते बघतं. पूर्वी असायचा. माझा दादा.

आमच्याकडे एक लाल स्पोर्ट्स कार आहे. दोनच सीटची, वयाने माझ्याहून मोठी. बाबांनी ती भंगारातून आणून स्वतः उभी केली. त्यांचा सगळा जीव तिच्यात. आई तिला 'माझी सवत' म्हणायची, आणि म्हणताना हसायची नाही.

दादा त्याच गाडीखाली गेला.

तेव्हाही बाबा इंजिनातला कसलासा आवाज शोधत होते. गाडी जॅकवर. खाली दादा, वर एक्सलरेटरवर बाबा. इंजिनाच्या गोंगाटात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून आमच्या गॅरेजची एक रीत आहे. खालच्याने पान्याने चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ठोकायचं. एकदा ठोकलं, की रेस वाढव. दोनदा ठोकलं, की बंद कर.

इंजिनाच्या हादऱ्यांनी जॅक सरकला.

"दोनदा ठोकलं असतं तर मी तिथल्या तिथे बंद केली असती," बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. "ठोकलंच नाही त्यानं. लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक."

लक्ष कुठे होतं, ते नातेवाइकांनी शोधून काढलं. आदल्या दिवशी दादा-वहिनीची खडाजंगी झाली होती. झालं! सगळं खापर वहिनीवर फुटलं. नवऱ्याचं डोकं खाल्लं म्हणे हिनं. ती माहेरी निघाली, तेव्हा बाबा दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. वहिनी मला एवढंच म्हणाली, "छोटी, माझ्यामुळेच ना गं?"

मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.

गाडी वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होती. यंदा बाबांना हुक्की आली. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ती न्यायची. मी नको म्हणून पाहिलं, पण आमच्या तीर्थरूपांनी कधी कुणाचं ऐकलंय? शेवटी मीच इंजिन उतरवलं, खोललं, नवंकोरं करून बसवलं. चक्कर मारून आणली. गाडी अशी चालली की राग असूनही मला तिचं कौतुक वाटलं.

मग त्या रविवारी बाबा स्टिअरिंगवर बसले.

इंजिन चालू झालं. आणि...

टक-टक.

मध्ये शांतता. पुन्हा...

टक-टक.

"टॅपेट वाजतायत," बाबा म्हणाले.

"टॅपेट मी लावलेत, बाबा. माझे टॅपेट वाजत नाहीत."

"मग काय वाजतंय?"

ते मलाही कळेना. मी लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. आम्ही त्याची मूठ कानाला लावतो आणि टोक इंजिनला टेकवतो, म्हणजे आतलं सगळं ऐकू येतं. वरून सुरुवात केली. टॅपेट ठीक. पाण्याचा पंप ठीक. फॅनबेल्ट काढून बघितला. प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या.

टक-टक.

"रेस वाढवा," मी म्हटलं.

बाबांनी वाढवली. इंजिन भणाणलं. आता कुठल्याही मेकॅनिकला विचारा. इंजिनातला आवाज इंजिनाबरोबर पळतो. रेस वाढली की तोही वाढतो.

हा वाढला नाही.

तसाच. सावकाश. कुणीतरी वाट बघत असल्यासारखा...

टक-टक.

मी बाबांना उतरवलं आणि स्वतः बसले. आवाज गेला. मी उतरले, बाबा बसले. आवाज आला. हे आम्ही पुन्हा पुन्हा केलं. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

दादानंतर मी गॅरेजमध्ये पक्का खड्डा बांधून घेतलाय. गाडी त्यावर उभी करायची आणि खड्ड्यात उतरून खालून काम करायचं. जॅकवरच्या गाडीखाली मी कुणालाच जाऊ देत नाही. बाबांना स्टिअरिंगवरच ठेवून, टॉर्च घेऊन मी खड्ड्यात उतरले.

आवाज खाली मोठा होता.

मी स्क्रू ड्रायव्हर टेकवत सरकत गेले. गिअरबॉक्स... नाही. सायलेन्सरचा पाइप... नाही. चेसिसचा लांब पत्रा. ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर खाली...

तिथे.

मी तळहात ठेवला. ठोका मला हाताला जाणवला. पत्र्याच्या याच बाजूने, माझ्या बोटांच्या शेजारी. उजेड टाकला. तिथे काहीच नव्हतं. सुटलेला नट नाही, लोंबणारी वायर नाही.

टक-टक.

"बाबा, बंद करा!" मी ओरडले.

इंजिन चालूच.

टक-टक. टक-टक. टक-टक-टक-टक-टक...

आता मध्ये खंडच नव्हता. कुणीतरी जिवाच्या आकांताने ठोकत होतं. आणि वर बाबांनी रेस वाढवली. मी कशी वर आले मला आठवत नाही. मी दार उघडलं आणि चावी फिरवली.

सगळं थांबलं.

बाबांचा पाय अजून एक्सलरेटरवर दाबलेला होता. डोळे समोरच्या भिंतीवर.

"बंद कर म्हणतोय तो," ते म्हणाले. "तेव्हाही असंच म्हणत होता."

मला कळायला वेळ लागला.

"तुम्ही ऐकलं होतं?"

"ऐकलं होतं गं. पण जो आवाज मी शोधत होतो ना, तो तेवढ्यात हाती लागत आला होता. म्हटलं, क्षणभर थांब रे बाबा. आता सापडतोय. मग बंद करतो."

"आणि वहिनी? तिला का सांगितलं नाहीत?"

"सांगून तो परत आला असता का?"

माझ्या जन्मदात्याबद्दल मी हे लिहितेय. लाज वाटते, पण लिहिते. त्या क्षणी मला भुताची भीती वाटली नाही. किळस आली, ती बाबांची.

त्याच संध्याकाळी मी वहिनीला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी येते."

दुसऱ्या दिवशी ती आली. बाबांकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ गाडीत जाऊन बसली. "चालू कर."

मी केली. इंजिन घड्याळासारखं चालत होतं. आम्ही दोघी कान देऊन होतो. वहिनीने सीटखाली हात नेला, पत्रा चाचपला, हळूच हाकसुद्धा मारली.

काही नाही.

टाकीतलं पेट्रोल संपत आलं तरी ती उतरेना. शेवटी म्हणाली, "बाबांशी बोलतो तो. माझ्याशी एक ठोकासुद्धा नाही? शेवटचं भांडणच राहिलं गं आमचं."

मला वाटलं होतं, खरं कळलं की तिचं ओझं उतरेल.

गाडी प्रदर्शनाला गेली नाही. ती गॅरेजच्या कोपऱ्यात आहे, आणि चावी मी कमरेला लावून फिरते. कारण वहिनी रोज फोन करते. तिचं एकच मागणं असतं.

"बाबांना एकदा बसव ना स्टिअरिंगवर. मी खाली झोपते. खड्ड्यात नको, जॅकवरच घे गाडी. तो होता तशी. मला ऐकू येईल."

मी रोज नाही म्हणते. ती रोज ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते.

काल सकाळी गॅरेजमध्ये आले तर लाल गाडी जॅकवर चढवलेली होती. बाबा आत बसले होते. पाय एक्सलरेटरवर.

"चावी दे," ते म्हणाले. "तुझ्या वहिनीचा फोन होता. ती निघालीय."